गंभीर आजारात परमेश्वराच्या चांगुलपणावर भरवसा : रुग्णाभ्यंग संस्कार आणि ख्रिस्तसभेची शिकवण

गंभीर आजार मनुष्याच्या केवळ शरीरावर आघात करीत नाही, तो त्याच्या श्रद्धेलाही हात घालतो. कर्करोग, मूत्रपिंडाचा विकार, पक्षाघात किंवा दीर्घकाळ चालणारा एखादा असाध्य रोग घरात शिरला की आजवर सहजपणे म्हटलेल्या प्रार्थना ओठांवर अडखळतात. 'परमेश्वर चांगला आहे, तर मग हे का?' हा प्रश्न रुग्ण बोलून दाखवो वा न दाखवो, तो मनात असतोच. हा प्रश्न विचारणे म्हणजे श्रद्धा ढळणे नव्हे. पवित्र शास्त्रातील अनेक नीतिमान व्यक्तींनी तो विचारला आहे. ख्रिस्तसभा या प्रश्नाला कोणते उत्तर देते, रुग्णांसाठी तिने कोणता संस्कार जपून ठेवला आहे, आणि तो संस्कार आपण वेळेवर का मागावा, याचा विचार आम्ही या लेखात करीत आहोत.

आजार ही शिक्षा आहे काय?

रुग्णाच्या बिछान्याशेजारी सर्वांत आधी येऊन बसतो तो अपराधभाव. 'माझ्या हातून असे काय घडले?' असे रुग्ण स्वतःला विचारतो. भेटीस येणारी मंडळीही कधी कधी, भल्या हेतूने का होईना, पूर्वजांचे पाप, न फेडलेला नवस किंवा चुकलेली मिस्सा यांचा शोध घेऊ लागतात. प्रभू येशूने हा विचार स्पष्टपणे नाकारला आहे. योहानाच्या शुभवर्तमानाच्या ९व्या अध्यायात जन्मांध मनुष्याला पाहून शिष्य प्रभूला विचारतात की पाप कोणी केले, याने की याच्या आईवडिलांनी? दोघांपैकी कोणाच्याही पापाशी प्रभू त्या अंधत्वाची सांगड घालू देत नाही. लूकच्या १३व्या अध्यायात शिलोहाचा बुरूज कोसळून १८ माणसे मेल्याचा उल्लेख आहे. ती माणसे इतरांपेक्षा अधिक पापी होती असे समजू नका, असेच तेथेही प्रभूने बजावले आहे.

जुन्या करारातील ईयोबाचा संपूर्ण ग्रंथ याच प्रश्नाला वाहिलेला आहे. अलीफज, बिल्दद आणि सोफर हे ईयोबाचे तीन मित्र त्याच्या दुःखामागे त्याचे पाप असलेच पाहिजे, असा युक्तिवाद करीत राहतात. ईयोब मात्र आक्रोश करतो, तक्रार करतो, परमेश्वरालाच जाब विचारतो. ग्रंथाच्या शेवटी परमेश्वराचा कोप होतो तो या मित्रांवर. तक्रार करणाऱ्या ईयोबाला मात्र तो आपला सेवक म्हणतो आणि त्या मित्रांसाठी प्रार्थना करण्याचे काम त्याच्यावर सोपवतो. रुग्णाला दोष देऊन परमेश्वराची बाजू मांडू पाहणाऱ्या प्रत्येकाने हा शेवट लक्षात ठेवावा.

शलमोनाच्या ज्ञानग्रंथाच्या पहिल्याच अध्यायात सांगितले आहे की मृत्यू परमेश्वराने निर्माण केला नाही आणि जिवंतांच्या नाशात त्याला आनंद नाही. म्हणून एखाद्या तरुण आईच्या आजारपणात 'देवाचीच तशी इच्छा' असे म्हणून विषय संपविणे हे ख्रिस्ती सांत्वन नव्हे. दुःख हे दुःखच आहे. परमेश्वर त्यातूनही चांगले घडवू शकतो यावर आमची श्रद्धा आहे, परंतु म्हणून त्याला आम्ही दुःखाचा कर्ता ठरवीत नाही.

प्रभू येशू आणि रोगी

शुभवर्तमानातील येशू रोग्यांना दुरून उपदेश करीत नाही. तो कुष्ठरोग्याला स्पर्श करतो, पेत्राच्या तापाने फणफणलेल्या सासूचा हात धरतो, बहिऱ्याच्या कानांत बोटे घालतो. त्या काळी ज्यांच्याजवळ जाणे लोक टाळीत, त्यांच्याजवळ तो जातो. या जवळिकीतूनच परमेश्वराचा चांगुलपणा आम्हांस दिसतो.

तरीही पृथ्वीवरील आपल्या जीवनात प्रभूने सर्व रोग्यांना बरे केले नाही, हेही आम्ही प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. योहानाच्या ५व्या अध्यायातील बेथेस्दाच्या तळ्याकाठी रोग्यांची गर्दी होती. बरा झाल्याचे आपण वाचतो तो मात्र ३८ वर्षे आजारी असलेला एक मनुष्य. प्रेषितांच्या काळातही असेच दिसते. संत पौल तीमथ्याला लिहितो की त्रफिम आजारी असल्यामुळे त्याला मिलेत येथे ठेवून यावे लागले. ज्याच्या हातून अनेक जण बरे झाले होते, त्या पौलाचा स्वतःचा सोबती आजारी राहिला. पौलाच्या पत्रांतून ही गोष्ट लपवून ठेवलेली नाही, आणि तिच्यामुळे त्याचा विश्वासही ढासळलेला नाही.

भरवसा म्हणजे नेमके काय?

आम्हांला वाटते, बहुतेकांची गफलत येथेच होते. 'माझा देवावर भरवसा आहे' याचा अर्थ 'मी नक्की बरा होणार' असा लावला जातो. मग तपासणीचा अहवाल प्रतिकूल आला की भरवसाही खचतो, किंवा आपलीच श्रद्धा कमी पडली असे रुग्णाला वाटू लागते. या अर्थाने पाहिल्यास भरवसा हा जणू परमेश्वराशी केलेला सौदा होतो. वांद्र्याच्या मोतमाउलीच्या चरणी आमचे भाविक मेणाचे हात, पाय, डोळे अर्पण करतात. त्यामागील प्रार्थना आणि कृतज्ञता सुंदर आहे. पवित्र मरियेची मध्यस्थी मागणे ही आमची पिढ्यान्‌पिढ्यांची परंपरा आहे. परंतु त्या मेणाच्या आकृतीने परमेश्वराला बांधून ठेवता येत नाही, आणि तो प्रेम करतो ते नवस पाहून नव्हे.

गेथशेमनी बागेत प्रभू येशूने स्वतः दुःखाचा प्याला दूर व्हावा अशी प्रार्थना केली. ती मागणी त्याने लपविली नाही, आणि पित्याचा हातही सोडला नाही. प्याला दूर झाला नाही, परंतु पिता पुत्रापासून दूर झाला नव्हता, हे पुनरुत्थानाच्या पहाटे स्पष्ट झाले. संत पौलाने आपल्या शरीरातील काट्याविषयी तीनदा विनवणी केली, असे करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या १२व्या अध्यायात आहे. काटा निघाला नाही, पण त्याला पुरेल इतकी कृपा मिळाली. म्हणजे बरे होण्याची प्रार्थना करणे योग्यच आहे. मात्र परमेश्वराने आपल्याला सोडलेले नाही, हा विश्वास त्या प्रार्थनेच्या उत्तरावर अवलंबून ठेवू नये. यालाच आम्ही ख्रिस्ती भरवसा म्हणतो.

ज्या रात्री प्रार्थनेचे शब्दच सुचत नाहीत, त्या रात्रीसाठी स्तोत्रसंहिता आहे. तिच्यातील ८८वे स्तोत्र अंधारातच संपते, शेवटी आशेची एकही ओळ नाही. तरीही ते प्रार्थना म्हणून पवित्र शास्त्रात आहे, कारण ते शेवटपर्यंत परमेश्वराशीच बोलते.

स्वतः बरे न झालेले संत

फ्रान्समधील लूर्द येथे ११ फेब्रुवारी ते १६ जुलै १८५८ या काळात पवित्र मरियेने बर्नादेत सुबिरू या १४ वर्षांच्या मुलीला १८ वेळा दर्शन दिले. तेथील झऱ्याकडे जगभरातून रुग्ण येऊ लागले. बरे झाल्याच्या दाव्यांची वैद्यकीय तपासणी करण्यासाठी १८८३ साली तेथे वैद्यकीय कार्यालय सुरू झाले. आजवर ७,००० हून अधिक दाव्यांची नोंद झाली आहे, परंतु २०१८ सालापर्यंत ख्रिस्तसभेने त्यांपैकी केवळ ७० घटनांना चमत्कार म्हणून मान्यता दिली होती. ख्रिस्तसभा या बाबतीत किती सावध असते, हे यावरून ध्यानात येते. स्वतः बर्नादेतला लहानपणापासून दमा होता, पुढे गुडघ्याला हाडाचा क्षय झाला. नेव्हेर येथील कॉन्व्हेंटमध्ये तिने रुग्णांची शुश्रूषा केली आणि १६ एप्रिल १८७९ रोजी वयाच्या ३५व्या वर्षी तिचे निधन झाले. जिच्या हातून तो झरा प्रकट झाला, तिचा स्वतःचा आजार बरा झाला नाही. १९३३ साली ख्रिस्तसभेने तिला संत घोषित केले ते तिच्या साध्या, प्रामाणिक आणि भरवशाने भरलेल्या जीवनासाठी.

लिझ्यूची संत तेरेजा क्षयाने आजारी पडली आणि ३० सप्टेंबर १८९७ रोजी वयाच्या २४व्या वर्षी मरण पावली. अखेरच्या सुमारे दीड वर्षात तिला स्वर्गाविषयीच अंधार जाणवत होता. जिला १९९७ साली ख्रिस्तसभेची आचार्य घोषित करण्यात आले, तिची श्रद्धा अशा अंधारातून गेली होती. आपल्या देशातील भरणंगानमची संत अल्फोन्सा हिने आयुष्यातील अनेक वर्षे आजारपणात काढली. २८ जुलै १९४६ रोजी तिचे निधन झाले आणि १२ ऑक्टोबर २००८ रोजी तिला संत घोषित करण्यात आले. अंथरुणाला खिळलेल्या माणसाचे आयुष्य वाया जात नाही, हे या तिघींकडे पाहून कळते.

रुग्णाभ्यंग संस्काराचा इतिहास

मार्कच्या ६व्या अध्यायात प्रभूने पाठविलेले शिष्य रोग्यांना तेल लावून बरे करीत असल्याचे आपण वाचतो. याकोबाच्या पत्राच्या ५व्या अध्यायात तर स्पष्ट सूचना आहे. कोणी आजारी असेल तर त्याने ख्रिस्तसभेच्या वडिलांना बोलवावे, त्यांनी प्रभूच्या नावाने त्याला तेल लावून प्रार्थना करावी. यात मरणासन्न व्यक्तीचा उल्लेख नाही, आजारी व्यक्तीचा आहे. रुग्ण स्वतः बोलावणे पाठवू शकतो, इतका तो शुद्धीवर आहे.

इ. स. ४१६ मध्ये पोप पहिले इनोसंट यांनी गुब्बियोच्या बिशपांना लिहिलेल्या पत्रात याच वचनाच्या आधारे या अभ्यंगाची शिकवण दिली. मध्ययुगात मात्र हा संस्कार हळूहळू मृत्युशय्येकडे सरकला आणि 'अंतिम अभ्यंग' या नावाने ओळखला जाऊ लागला. ट्रेंट येथील धर्मसभेने १५५१ साली हा ख्रिस्ताने स्थापिलेला खरा संस्कार असल्याचे शिकविले. दुसऱ्या व्हॅटिकन धर्मसभेने ४ डिसेंबर १९६३ रोजीच्या उपासनाविषयक दस्तऐवजात सांगितले की या संस्काराला 'रुग्णांचा अभ्यंग' म्हणणे अधिक योग्य आहे, आणि तो केवळ मृत्यूच्या दारात उभ्या असलेल्यांसाठी नाही. त्यानुसार पोप सहावे पॉल यांनी ३० नोव्हेंबर १९७२ रोजी नवा विधी लागू केला.

या गोष्टीला पन्नासहून अधिक वर्षे उलटली आहेत. तरीही आमच्या धर्मग्रामांतून आजही अनेक घरी फादरना बोलावणे जाते ते डॉक्टरांनी हात टेकल्यानंतर, रुग्णाची शुद्ध हरपल्यानंतर, आणि कधी तर श्वास थांबल्यानंतर. 'फादर घरी आले म्हणजे सर्व संपले असे वाटून आजारी माणूस घाबरेल' असे कुटुंबीय म्हणतात. त्यांची माया आम्ही समजू शकतो. परंतु या मायेपोटी रुग्णाला पापनिवेदन करण्याची, पवित्र कम्युनियन स्वीकारण्याची आणि स्वतःच्या ओठांनी 'आमेन' म्हणण्याची संधी हिरावून घेतली जाते. ज्या संस्काराने त्याची भीती हलकी व्हावी, त्याचीच आपण त्याला भीती घालतो.

संस्कार कोणाला, केव्हा आणि कसा?

समजण्याच्या वयास पोहोचलेल्या आणि आजाराने किंवा वार्धक्याने ज्याचे जीवन धोक्यात येऊ लागले आहे, अशा प्रत्येक कॅथोलिक श्रद्धावंताला हा संस्कार घेता येतो. धोका सुरू होताच तो मागावा. गंभीर आजारामुळे मोठी शस्त्रक्रिया होणार असेल, तर तीपूर्वी तो घेणे उचित आहे. वयोवृद्ध व्यक्ती विशेष आजारी नसली तरी शक्ती बरीच क्षीण झाली असल्यास तिला तो देता येतो. पुरेशी समज असलेल्या आजारी मुलांनाही देता येतो. हा संस्कार आयुष्यात एकदाच घ्यायचा असतो, हा समज चुकीचा आहे. बरे होऊन पुन्हा गंभीर आजार झाल्यास, किंवा त्याच आजारात प्रकृती अधिक बिघडल्यास तो पुन्हा घेता येतो. रुग्ण बेशुद्ध असेल आणि शुद्धीवर असता तर त्याने संस्कार मागितला असता असे वाटत असेल, तर त्यालाही तो देता येतो. मृत व्यक्तीला मात्र संस्कार दिला जात नाही. त्या वेळी धर्मगुरू तिच्या आत्म्यासाठी प्रार्थना करतात. मृत्यू झाला आहे की नाही याविषयी शंका असल्यास संस्कार देता येतो.

हा संस्कार केवळ धर्मगुरू, म्हणजे बिशप किंवा फादर, देऊ शकतात. त्यासाठी वापरले जाणारे तेल बिशप पवित्र सप्ताहातील तेलांच्या मिस्सात आशीर्वादित करतात. निकडीच्या प्रसंगी धर्मगुरू विधीच्या वेळीही तेल आशीर्वादित करू शकतात. हे तेल सामान्यतः ऑलिव्हचे असते, मात्र आवश्यक असल्यास दुसरे वनस्पतिजन्य तेलही चालते.

घरी तयारी फार नको. स्वच्छ पांढरे कापड घातलेले लहान मेज, क्रूस आणि मेणबत्ती एवढे पुरे. रुग्णाला पापनिवेदन करावयाचे असेल तर घरच्यांनी थोडा वेळ बाहेर थांबावे. मग सर्वांनी जवळ येऊन प्रार्थनेत सहभागी व्हावे. शास्त्रवाचनानंतर धर्मगुरू मौनपूर्वक रुग्णाच्या मस्तकावर हात ठेवतात आणि त्याच्या कपाळाला व हातांना पवित्र तेल लावतात. त्यानंतर 'हे आमच्या स्वर्गीय पित्या' ही प्रार्थना आणि पवित्र कम्युनियन होते. रुग्णालयात दाखल करावयाचे ठरताच धर्मग्रामात कळवावे. अतिदक्षता विभागात प्रवेश मिळण्यास अनेकदा वेळ लागतो.

या संस्काराने रुग्णाला पवित्र आत्म्याचे बळ, शांती व धैर्य लाभते. तो दुःख सोसलेल्या ख्रिस्ताशी जोडला जातो. पापनिवेदन करता आले नसल्यास त्याच्या पापांची क्षमा होते, आणि त्याच्या आत्म्याच्या हिताचे असेल तर शरीरालाही आरोग्य मिळते. १९९२ सालच्या कॅथोलिक धर्मशिकवणीत हेच विस्ताराने मांडले आहे.

औषध आणि प्रार्थना

काही श्रद्धावंत प्रार्थनासभेला जाऊन आल्यावर औषधे थांबवितात. गोळी घेणे म्हणजे अविश्वास दाखविणे, असे त्यांना कोणीतरी सांगितलेले असते. ही ख्रिस्तसभेची शिकवण नाही. सिराखच्या ग्रंथाच्या ३८व्या अध्यायात वैद्याचा मान राखा, कारण त्यालाही परमेश्वरानेच निर्माण केले आहे, आणि औषधेही त्यानेच पृथ्वीतून उगविली आहेत, असा बोध आहे. त्याच अध्यायात रुग्णाने प्रार्थना करावी आणि वैद्यालाही वाव द्यावा, असे सांगितले आहे. शुभवर्तमानकार लूक याला संत पौल प्रिय वैद्य म्हणतो. इन्सुलिन, केमोथेरपी किंवा डायलिसिस घेणारा रुग्ण परमेश्वराच्या देणगीचाच उपयोग करीत असतो.

व्हॅटिकनच्या श्रद्धाविषयक धर्मपीठाने १४ सप्टेंबर २००० रोजी आरोग्यप्रार्थनांविषयी मार्गदर्शक सूचना दिल्या. बरे होण्यासाठी प्रार्थना करणे चांगले आहे, मात्र अशा सभांत उन्माद, नाटकीपणा आणि खळबळ यांना स्थान नसावे, असे त्यांत सांगितले आहे. जी व्यक्ती औषध सोडण्यास सांगते किंवा बरे होण्याची हमी देते, तिच्यापासून सावध राहावे. औषधाविषयीचा निर्णय डॉक्टरांशी बोलूनच घ्यावा.

कुटुंबीय आणि धर्मग्राम यांचे कर्तव्य

ईयोबाच्या मित्रांनी एक गोष्ट उत्तम केली होती. आल्यावर सात दिवस आणि सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर न बोलता बसले. बोलू लागले तेव्हा बिघडले. रुग्णाला भेटावयास जाताना हे स्मरावे. उपदेश, इतरांच्या आजाराच्या कथा आणि उपचारांचे सल्ले बाजूला ठेवून थोडा वेळ शांत बसावे, विचारून मग प्रार्थना म्हणावी. रुग्णाच्या मुलांना शाळेत पोहोचविणे, रात्री रुग्णालयात थांबणे, डबा नेऊन देणे, रक्तदान करणे हीसुद्धा प्रार्थनाच आहे. आजार आहे हेच रुग्णापासून लपवून ठेवण्याचा प्रघात आमच्या घरांत आहे. बहुधा रुग्णाला सर्व कळलेलेच असते, आणि लपवाछपवीमुळे तो आपल्या भीतीसह एकटा पडतो. प्रेमाने, त्याला पेलवेल इतके सत्य सांगावे.

पोप दुसरे जॉन पॉल यांनी ११ फेब्रुवारी १९८४ रोजी मानवी दुःखाच्या ख्रिस्ती अर्थावर प्रेषितीय पत्र लिहिले. त्यात दयाळू शोमरोन्याच्या दृष्टांतावर विस्ताराने चिंतन आहे. दुःखाचा प्रश्न केवळ समजून घ्यायचा नसतो, रस्त्याकडेला पडलेल्याजवळ थांबायचेही असते. १९९२ साली त्यांनी जागतिक रुग्णदिनाची स्थापना केली, आणि ११ फेब्रुवारी १९९३ पासून तो पाळला जातो. २०१९ सालचा मुख्य सोहळा कोलकाता येथे झाला. या दिवशी अनेक धर्मग्रामांत रुग्णांसाठी मिस्सा अर्पण केली जाते व अभ्यंग दिला जातो. चर्चमध्ये, सर्वांसमवेत हा संस्कार होताना पाहिल्यास त्याविषयीची भीती आपोआप कमी होते.

बरे होण्याची आशा उरत नाही तेव्हा

वैद्यकीय उपचारांनाही मर्यादा असतात. प्रमाणाबाहेर क्लेशदायक आणि निष्फळ ठरणारे उपचार थांबविण्यास ख्रिस्तसभेची अनुमती आहे. मृत्यू घडवून आणणे वेगळे, आणि त्याला रोखता येत नाही हे स्वीकारणे वेगळे. पहिले कधीही मान्य नाही. मात्र वेदना कमी करणारी औषधे, अन्नपाणी, स्वच्छता आणि सोबत या गोष्टी शेवटपर्यंत मिळाल्याच पाहिजेत. याच विचारातून १९८६ साली मुंबईत वांद्रे येथे शांती आवेदना सदन उभे राहिले. अंतिम टप्प्यातील कर्करोगग्रस्तांसाठीचे हे भारतातील पहिले सेवाश्रयगृह मानले जाते. अशा सेवेतून परमेश्वराचा चांगुलपणा रुग्णाला प्रत्यक्ष हाताने स्पर्श करतो.

मरणासन्न श्रद्धावंतासाठी ख्रिस्तसभेचा खरा अखेरचा संस्कार म्हणजे पवित्र कम्युनियन. त्याला प्राचीन काळापासून प्रवासाची शिदोरी म्हटले जाते. दूरच्या वाटेला निघालेल्याच्या हाती घरच्यांनी भाकरी बांधून द्यावी, तसे ख्रिस्तसभा त्याच्या हाती स्वतः ख्रिस्तालाच देते.

पोप फ्रान्सिस २०२५ सालच्या फेब्रुवारी व मार्च महिन्यांत न्यूमोनियामुळे पाच आठवड्यांहून अधिक काळ रुग्णालयात होते. ६ एप्रिल रोजी रुग्णांच्या ज्युबिलीच्या मिस्साच्या अखेरीस ते चाकांच्या खुर्चीत बसून संत पेत्राच्या चौकात आले. जमलेल्या रुग्णांपुढे तेही एक रुग्णच होते. त्यानंतर १५ दिवसांनी, २१ एप्रिल रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्यासाठी जगभर झालेली प्रार्थना व्यर्थ गेली असे आम्ही म्हणत नाही. त्या प्रार्थनेने त्यांना पित्याच्या घरापर्यंत सोबत केली.

आपल्या घरी किंवा शेजारी आज कोणी गंभीर आजारी असेल, तर या आठवड्यातच त्यांच्याशी या संस्काराविषयी बोलावे आणि धर्मगुरूंना बोलवावे. रुग्णाने स्वतः तेलाचा स्पर्श अनुभवावा, स्वतः 'आमेन' म्हणावे. तो बरा होईल की नाही हे आमच्या हाती नाही. तो एकटा पडणार नाही, एवढे मात्र आपण सर्व मिळून पाहू शकतो.